भेगेवरची काच

२५ नोव्हेंबर १९७४, सोमवार

आलं! पत्र आलं! तीन वर्षं, अकरा अर्ज आणि शेवटी तालुक्याहून दोन ओळींचं उत्तर — बांधकामाचे साहेब ५ डिसेंबरला शाळेची पूर्वेची भिंत समक्ष पाहायला येणार. भिंत धोक्याची ठरली तर सरकारी अनुदानातून दोन नव्या खोल्या. हेडमास्तर नाथाजी गुरुजींनी पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसला, चौथ्यांदा वाचलं. मग म्हणाले, चौगुलेबाई, जावक क्रमांक बरोबर आहे. आनंद झाला की हा माणूस असा बोलतो!

भेग सदुसष्टच्या भूकंपाची. तेव्हा बोटभर होती म्हणे. आता माझा हात मनगटापर्यंत आत जातो. त्या खोलीत माझी सहावी-सातवी एकत्र बसायची, पट त्रेचाळीस. पोरांनी भेगेत संसार मांडलाय — चिंचोके, पेन्सिलींचे तुकडे, एक पाल. पालीचं नाव इन्स्पेक्टर, कारण वर्षातून दोनदाच दिसते. मी रागावल्यासारखं केलं आणि पाठ वळवून हसले.

वरनं माती पडायला लागल्यापासून मी वर्ग बाहेर पिंपळाखालीच घेते. गुरुजींना ते आवडत नाही. सरकारने खोली दिली असताना बाहेर बसणं त्यांना खोलीचा अपमान वाटतो.

आज राहीबाईंना — मी त्यांच्याच पडवीशेजारच्या खोलीत भाड्यानं राहते — बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, 'बरं झालं. आता जेवा, दिवस बुडाय लागलाय.' आम्हा जैनांचं सूर्यास्ताआधीचं जेवण माझ्यापेक्षा त्याच जास्त पाळतात.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सरपंच तात्याबांना सांगून आले. ते मळ्यात होते, इंजिन चालू होतं, ओरडूनच बोलावं लागलं. पाच तारखेला साहेब शाळा बघायला येणार, असं म्हटलं. ते खूश! म्हणाले, काय काळजी करू नका, गाव हाय.

उद्या पलूसला घरी. चुलत बहीण सुरेखाचं रविवारी लग्न. बुधवारी परत. दोन नव्या खोल्यांच्या खिडक्या कोणत्या रंगाच्या असाव्यात याचा एसटीत विचार करायला मोकळी!

४ डिसेंबर, बुधवार

कपाळ माझं!

संध्याकाळच्या गाडीतून उतरले. वळणावरून शाळा दिसली आणि मला वाटलं चुकीच्या गावात उतरले. पांढरीशुभ्र! दाराला आंब्याचं तोरण. अंगण सारवलेलं, कडेनं गेरूचा पट्टा. मी पळतच खोलीत गेले. पूर्वेची भिंत बघते तर — गुळगुळीत. वरपासून खालपर्यंत सिमेंटचा गिलावा, त्यावर चुना. भेग कुठं होती हे मलाच सांगता येईना.

कोंडीबा गवंडी शेजारी उभा. धोतराला चुना, चेहरा नवरदेवाच्या बापासारखा. त्याची नात अंबू माझ्याच सातवीत, तीही आजोबाचा हात धरून उभी. तो म्हणाला, 'बगा बाई, छिन्नी लागायची न्हाई आता.' भेगेत दगडाच्या चिपा ठोकून ठोकून भरल्या. पालीला आधी बाहेर काढलं, हेही अंबूनं सांगितलं.

तात्याबांनी स्वतःच्या विहिरीसाठी जपून ठेवलेली सहा पोती सिमेंट दिली. सिमेंट! ज्याच्यासाठी माणसं परवान्याच्या रांगेत वर्ष काढतात. बायकांनी पाणी वाहिलं. चार दिवस गावात कुणी रानात गेलं नाही.

मी खालीच बसले. म्हटलं, अहो, साहेब ती भेगच बघायला येणार होते. ती नसेल तर पैसे कशाचे देतील?

मग तात्याबा. आवाजात राग नव्हता, खरंखुरं नवल होतं — 'आवं बाई, पावण्याला काय फुटकं दावायचं?'

यावर काय बोलणार? बोलले भरपूर, पण उपयोग शून्य. आणि खरं सांगायचं तर चूक माझी. शाळा बघायला येणार म्हणाले, भेग बघायला म्हणाले नाही. एक शब्द! इंजिनाचा आवाज जरा कमी असता तर!

गिलावा फोडायचा का, असं विचारलं. कोंडीबानं माझ्याकडे असं बघितलं की मीच शरमले.

५ डिसेंबर, गुरुवार

साहेब आले. जीप, बूट, टोपी, हातात वेताची छडी. छडीनं भिंतीवर तीन ठिकाणी टकटक केली. 'उत्तम!' म्हणाले. मी पुढं होऊन सांगितलं की आत मोठी भेग आहे, चार दिवसांपूर्वी बुजवली. सगळा गाव माझ्याकडे बघतोय, गुरुजी माझ्या पदराकडे बघतायत — ओढावा की काय असं. साहेब हसले. म्हणाले, 'बाई, मी दिसतं ते लिहितो. न दिसणारं लिहायला देवळातला पुजारी बोलवा.'

लोक हसले. मीही हसले असते, पण दात आवळलेले होते.

मग कोंबडीचं जेवण. मी गूळ-शेंगदाणे खाऊन ओसरीवर. साहेबांनी दोनदा रस्सा मागितला आणि शेरा लिहिला: इमारत सुस्थितीत, अनुदानाची गरज नाही, ग्रामस्थांचे श्रमदान अनुकरणीय. तात्याबांनी शेरा मोठ्यांदा वाचून घेतला. अनुकरणीय म्हणजे काय ते मला विचारलं. सांगितलं. लाजले.

७ डिसेंबर, शनिवार

कळलं — दोन खोल्यांचे पैसे घाटापलीकडच्या वाडीला गेले. त्यांनी साहेबांसाठी शाळेतल्या शेळ्यासुद्धा बाहेर काढल्या नव्हत्या!

१० डिसेंबर, मंगळवार

गुरुजी आज चहा घेऊन आले. दोन कप. एका कपाखाली मेमो. मला! इमारत सुस्थितीत असल्याचा लेखी शेरा असताना वर्ग बाहेर भरवल्याबद्दल खुलासा करावा. खाली सही, शिक्का, तारीख. वर तोंडी, 'चहात साखर कमी वाटली तर सांगा.'

बिचारे! ऑगस्टअखेर निवृत्त होणार. छत्तीस वर्षांत एकही ठपका नाही, हे ते देवाचं नाव घ्यावं तसं सांगतात. त्यांना कागदाची भीती वाटते, मला भिंतीची. ही भिंत म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. पण कागदावर फक्त कीर्तन आलंय. चहा प्यायले. साखर कमीच होती. सांगितलं नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

कोंडीबाच्या घरी गेले. सरळ विचारलं. तुमची अंबू त्या भिंतीखाली बसवू का? तुम्ही म्हणाल तसं करते.

तो बराच वेळ विडीशी खेळत बसला. पेटवली नाही. मग म्हणाला, 'गिलावा माजा पक्का हाय. भिंतीचं मी कसं सांगू?'

एवढंच. पण आज रात्री त्याला झोप लागायची नाही, असं वाटतं. मला तरी लागणार नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

कोंडीबा सकाळी शाळेत हजर. हातात छिन्नी, हातोडी आणि फडक्यात गुंडाळलेली काच. म्हणाला, कोयनेच्या धरणावर दहा वर्षं होतो, तिथं इंजिनेर लोक भेगेवर काचेची पट्टी डकवायचे. भिंत केसभर सरकली तरी काच तुटायची. 'भिंत खोटं बोलंल बाई, काच न्हाई बोलायची.'

आणि मग — मी बघतच राहिले — स्वतःच्या गिलाव्यावर छिन्नी धरली! अंबू रडायलाच लागली. खांद्याच्या उंचीवर वीतभर चौकोन फोडला, पार दगडापर्यंत. भेग दिसली. आमची जुनी ओळखीची भेग. तिच्या दोन काठांवर सिमेंटचे दोन ठिपके, त्यावर आडवी काच. माझ्याकडून बाजूला तारीख लिहून घेतली.

काच कुठून आणली, विचारलं. धरणावरच्या कामाचं सर्टिफिकेट फ्रेम करून ठेवलं होतं, त्याची काच कापून आणली. कागद आता उघडाच टांगलाय म्हणे. सरळ सांगते, डोळे भरून आले आणि मी फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.

गुरुजी, मी आणि कोंडीबा — तिघांचा तह झाला. वर्ग आत, पण सगळे दाराच्या बाजूला दाटीनं. काच शाबूत तोवर आत. तुटली की बाहेर, मग मेमो येवो नाहीतर मिनिस्टर. गुरुजी म्हणाले, हे लेखी नको.

१९ डिसेंबर, गुरुवार

हजेरीआधी नवं काम. अंबू काचेजवळ जाते, नाक लावून बघते आणि ओरडते — काच हाय! मग पट घ्यायचा. पहिलीची पोरं आता खेळतानाही ओरडतात, काच हाय!

शिवाय मी बाहेर पडायची कवायत सुरू केलीय. 'काच!' म्हटलं की दप्तर तिथंच, मुली दारातून, पोरं खिडकीतून. मी मोठ्यांदा आकडे मोजते. पहिल्या दिवशी चौपन्न आकड्यांना खोली रिकामी झाली. सहावीतला गुंडा खिडकीत अडकला होता.

२४ डिसेंबर, मंगळवार

दुपारी धक्का. छोटासाच, राहीबाईंची भांडी वाजली तेवढा. त्यांनी नेहमीसारखं जमिनीला हात लावून 'आली गं बया, जा गं बया' केलं. वर्ग एकतीसला बाहेर! अंबू एकटी परत आत जाऊन बघून आली. मी तिला चांगलंच झापलं. काच हाय म्हणाली.

६ जानेवारी १९७५, सोमवार

बावीस.

११ जानेवारी, शनिवार

ऐका! आमची शाळा आदर्श! तालुक्याहून पत्र — श्रमदानाबद्दल फिरती ढाल, २६ जानेवारीला साहेब स्वतः येऊन देणार. तात्याबा फेटा शोधायला लागले. गुरुजी पत्र पाच वेळा वाचून झाल्यावर हळूच म्हणाले की निवृत्तीच्या वर्षात ढाल म्हणजे… आणि पुढचं गिळलं. मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्यांचा चेहरा बघून जरा वेळ पुढं ढकलला.

२५ जानेवारी, शनिवार

तात्याबा भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावायला आले. काचेवर! पावण्याला दिसाय नको म्हणून. मी दारातच आडवी उभी राहिले. शेवटी कोंडीबानं तोड काढली — नकाशा नको, झेंडूची माळ. काचेभोवती गोल माळ लावली, तळाशी फुलं ठेवली. शोभेला शोभा आणि काच उघडी.

कवायत आता सतराला. गुंडा आता अडकत नाही.

२६ जानेवारी, रविवार

सगळं क्रमानं लिहिते.

झेंडावंदन झालं. साहेबांना ऊन लागतं म्हणून ढालीचा कार्यक्रम आत, आदर्श खोलीत. टेबलावर राहीबाईंच्या सुनेची भरतकामाची चादर. सहावी-सातवी दाराशी, गावकरी व्हरांड्यात. साहेब आत शिरले, झेंडूत मढलेली काच बघितली आणि नमस्कार केला! हळूच तात्याबांना विचारलं, कोणता देव? तात्याबांनी काय सांगितलं असेल ते परमेश्वर जाणे. मी ओठ चावून छताकडे बघत होते.

भाषण सुरू. सरकारने किती करावं, जनतेने स्वतःच्या पायावर उभं राहावं, या भिंतीकडे बघा. सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. आणि अंबू उठून उभी राहिली.

'बाई. काच तुटली.'

ओरडली नाही. नेहमीच्याच आवाजात. मी बघितलं — मधोमध, वरून खाली, सरळ चीर. 'काच!' एवढंच म्हणाले. दोन्ही वर्ग दारातून, खिडकीतून गेले. मी सवयीनं मोजत होते. पंधरा! आत साहेब, टेबल, ढाल आणि मी. साहेब अजून 'स्वतःच्या पायावर' वरच थांबलेले. मग तेही निघाले, खिडकीतून नाही, पण जवळजवळ तसेच.

बाहेर आल्यावर त्यांना काच कशासाठी ते कोंडीबानं सांगितलं. साहेब लाल झाले. धक्का तर बसलाच नव्हता, खरंच नव्हता, एक भांडं वाजलं नव्हतं. 'ऐन माझ्या भाषणात बरी तुटली! कोणी फोडली?' आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्या तालुक्याला माझे अकरा अर्ज ठाऊक. म्हणाले, हे नाटक मी वर कळवणार, बाईंची नोकरी राहते का बघा.

तेव्हा मागून आवाज आला. नाथाजी गुरुजी. टोपी हातात घेतलेली.

'साहेब, मी फोडली. छत्रीच्या टोकानं.'

साहेबांनी ते लिहून मागितलं. गुरुजींनी तिथंच, पिंपळाखाली, मांडीवर वही घेऊन लिहून दिलं. छत्तीस वर्षांत पहिला ठपका, तोही स्वतःच्या वळणदार अक्षरात! ढाल जीपमध्ये परत गेली.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. भांडायलाच गेले होते. म्हटलं, गुरुजी, काय गरज होती फोडायची? माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या शब्दावर विसंबून बसले होते, तो त्या काचेचा शब्द. तुम्ही तोच खोटा पाडलात.

ते म्हणाले, 'मी कुठं फोडली? तुमची नोकरी अजून तीस वर्षं आहे, माझी सात महिने.'

मला आधी रडू आलं. मग एकदम लक्षात आलं. त्यांच्याही तेव्हाच आलं असावं, कारण बोलता बोलता ते थांबले आणि शाळेच्या दिशेनं बघायला लागले. त्यांनी नाही फोडली. मी नाही. मग भिंत सरकली.

दोघं तसेच उठलो. खोलीला कुलूप घातलं. किल्ली त्यांनी खिशात टाकली. म्हणाले, उद्यापासून सगळी शाळा बाहेर, भिंतीपासून लांब. मेमो मीच मला देतो!

सूर्य बुडून गेला होता. आज जेवले नाही. राहीबाई रागावल्यात.

२८ जानेवारी, मंगळवार

सगळी शाळा पिंपळाखाली. पहिलीचे पाढे, चौथीची कविता, माझा भूगोल, सगळं एकात एक. गुरुजी सर्वांच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेत. कडेकडेला उन्हात कोंडीबा. काल दिवसभर तो बंद खोलीभोवती फिरत होता. म्हणाला, गिलाव्याला बाहेरनंबी कुटं चीर न्हाई बाई, मग काच कशी गेली? मी म्हटलं, काच खोटं बोलत नाही, तुम्हीच म्हणालात.

गुरुजींना तालुक्याहून चौकशीचं पत्र आलंय. या वेळी त्यांनी ते एकदाच वाचलं.

३० जानेवारी, गुरुवार

अकरा वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे होतो, सगळी शाळा, पिंपळाखाली. दुसरं मिनिट संपायच्या आत पूर्वेची भिंत आत बसली. ना धक्का, ना वारा. छप्पर तिच्या मागोमाग. धूळ खाली बसल्यावर दिसलं — पोरं बसायची तिथं दाराशी तुळई आडवी पडलीय, आणि कोंडीबाचा गिलावा अख्खा, एका तुकड्यात, कुठं चीर नाही. तो त्याच्यापुढं बसून आहे. तात्याबा आले, बघितलं, म्हणाले, 'सायबाला बोलवा. एक दगुड हलवायचा न्हाई.'

माझ्या सहावी-सातवीची हजेरी घेतली. त्रेचाळीस. आकडे डोळ्यांपुढं हलत होते म्हणून पुन्हा घेतली, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून.

त्रेचाळीस.